पहाटे वाढणारी आणि मध्यरात्री घसरणारी साखर : रात्रीचे इन्सुलिन नेमके कशावर ठरवावे?

कोरेगावची आई

नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात राहतो. माझी मुलगी १२ वर्षांची आहे आणि तिला टाइप वन मधुमेह असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले. तिचे वजन ३६ किलो आहे. तिन्ही जेवणांआधी जलद काम करणारे इन्सुलिन आणि रात्री साडेनऊला दीर्घकाळ चालणाऱ्या ग्लार्जिन या इन्सुलिनचे १३ युनिट, असे सध्याचे उपचार आहेत.

गेल्या दीड महिन्यापासून सकाळी सात वाजताची तिची साखर रोज २०० च्या आसपास किंवा त्याहून वर येत आहे. झोपताना मात्र ती १३० ते १६० च्या दरम्यान असते, आणि रात्रीच्या जेवणानंतर ती काहीही खात नाही, याकडे मी स्वतः लक्ष ठेवते. घरातल्या सर्वांचे मत असे पडले की रात्रीचे इन्सुलिन कमी पडत असणार, तेव्हा ते १५ किंवा १६ युनिट करावे. मलाही ते पटू लागले होते. परंतु मागच्या मंगळवारी जे घडले, त्यानंतर डोस वाढवण्याचा धीर मला होत नाही.

ती शाळेच्या कबड्डी संघात आहे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार संध्याकाळी साडेपाच ते सात सराव असतो. त्या मंगळवारी सराव झाला, नेहमीप्रमाणे साडेआठला ज्वारीची भाकरी आणि मटकीची आमटी असे जेवण झाले, झोपताना साखर १३८ होती. रात्री पावणेतीनच्या सुमारास तिच्या कण्हण्याने मला जाग आली. हात लावून पाहिले तर मानेखालची उशी ओलीचिंब, कपाळ गार आणि केस कपाळाला चिकटलेले. मोबाइलच्या उजेडात बोट टोचले. पट्टीने रक्त ओढून घेतल्यावर आकडा दिसेपर्यंतचे ते पाच सेकंद सरता सरेनात. आकडा आला ४८.

घरात साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे होते. दोन पेढे भरवले आणि साखर घातलेले कपभर दूध पाजले. वीस मिनिटांनी आकडा ५६ होता, म्हणून आणखी दोन पेढे दिले, त्यानंतर एक केळेही दिले. चारच्या सुमारास ती शांत झोपली. सकाळी साखर २८७ होती.

आता एका नातेवाइकांचे म्हणणे असे की रात्री साखर घसरली की शरीर ती स्वतःच वर ढकलते, म्हणजे सकाळची वाढ हा रात्रीच्या घसरणीचाच परिणाम असतो, आणि म्हणून डोस वाढवू नये, उलट कमी करावा. एकीकडे वाढवा म्हणतात, दुसरीकडे कमी करा म्हणतात, आणि मला दोन्ही पटते. डॉक्टरांची भेट बारा दिवसांवर आहे. तोपर्यंत मी माझ्या मनाने काहीही बदलणार नाही, पण त्यांच्यासमोर जाताना कोणती माहिती हाताशी असावी, आणि तोपर्यंतच्या रात्री सांभाळायच्या कशा, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.

विश्रामबागची आई, सांगली

ताई, तुमचे लिहिणे वाचून माझ्या मुलाची पहिली दोन वर्षे डोळ्यांसमोर उभी राहिली. तो आता १७ वर्षांचा आहे आणि निदानाच्या वेळी ८ वर्षांचा होता. तुम्ही डोस वाढवायचे थांबलात हे फार चांगले केलेत. मी थांबले नव्हते. सकाळचा एकच आकडा पाहून मी डॉक्टरांना न विचारता दोन युनिट वाढवले होते आणि चौथ्या रात्री मुलगा अंथरुणात असंबद्ध बोलू लागला. त्या रात्रीचा दोष मी कोणालाही देत नाही, तो निर्णय माझा होता. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे की झोपतानाचा आकडा आणि उठल्यावरचा आकडा यांच्यामध्ये आठ-नऊ तासांचे अंतर असते आणि त्या तासांत काय घडले हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही.

म्हणून सर्वांत आधी हे करा. आज रात्रीपासून किमान पाच रात्री तीन वाजताचा गजर लावा आणि तिची साखर तपासा. वहीत झोपतानाचा, तीनचा आणि सातचा असे तिन्ही आकडे लिहा, आणि त्यासमोर त्या दिवशी सराव होता की नव्हता, किती वाजता जेवली, काय जेवली, कितीचे इन्सुलिन घेतले, टोचले कुठे, हेही लिहा. बोट टोचण्याआधी ते ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. आमच्याकडे गळिताच्या दिवसांत मुलाने ऊस खाल्लेला असायचा आणि चिकट बोटावरचा आकडा खऱ्या साखरेपेक्षा बराच जास्त दिसायचा. मध्यरात्री असा खोटा आकडा दिसला तर घसरलेले मूलही व्यवस्थित आहे असे वाटू शकते.

दुसरी गोष्ट पेढ्यांची. कंदी पेढा हा आपल्या साताऱ्याचा अभिमान खराच, पण साखर घसरलेली असताना तो उपयोगी पडत नाही. त्यात खवा आहे, खव्यात स्निग्धांश आहे, आणि स्निग्धांशामुळे पोटातील अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, त्यामुळे पेढ्यातील साखर रक्तात उशिरा पोहोचते. चॉकलेट, दूध, बिस्किटे आणि आमच्याकडचे भडंग यांचेही तसेच आहे. तुम्ही दिलेले पेढे वीस मिनिटांत काम करू शकले नाहीत, म्हणून तुम्ही आणखी दिले, आणि नंतर ते सगळे मिळून पहाटे रक्तात उतरले. २८७ मागे मला तरी मुख्यतः हेच दिसते.

आमच्या घरी उशाजवळच्या फळीवर ग्लुकोज पावडरचा डबा, त्यातच ठेवलेला चमचा आणि झाकण घातलेला पाण्याचा तांब्या असतो. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर सपाट तीन चमचे पावडर अर्ध्या पेल्यात विरघळवून घोट घोट पाजायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. तरीही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यायचे. ती पंधरा मिनिटे थांबणे आईला किती जड जाते हे मला ठाऊक आहे, हात आपोआप पुढच्या खाण्याकडे जातो. पण तिथे थांबता आले तर पुढची अर्धी रात्र आणि दुसरी सकाळ दोन्ही वाचतात. पावडर संपलेली असेल तर घरातली साखर पाण्यात विरघळवून दिली तरी चालते.

कोरेगावची आई

ताई, मनापासून आभार. पाच रात्री तीन वाजता उठले. वहीतील नोंदी जशाच्या तशा देते.

बुधवारी सराव नव्हता. झोपताना १४६, तीनला १३९, सातला २२१. गुरुवारी सराव होता. झोपताना १५२, तीनला ६६. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिले, पंधरा मिनिटांनी १०४ आले आणि सकाळी १७१. शुक्रवारी सराव नव्हता. झोपताना १६१, तीनला १५०, सातला २३६. शनिवारी सराव होता. झोपताना १२९, तीनला ७१, पुढे आणखी उतरू नये म्हणून दीड चमचा ग्लुकोज दिले, सकाळी १५८. रविवारी सराव नव्हता. झोपताना १४०, तीनला १४८, सातला २१९.

गुरुवारी ६६ असताना तिला घामही आला नव्हता आणि ती कण्हतही नव्हती. गजर लावला नसता तर मला काहीच समजले नसते, हा विचार मनातून जात नाही.

मधुमेह शिक्षिका, मिरज

ताई, मी गेली अनेक वर्षे मिरजेत टाइप वन असलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना इन्सुलिन व आहाराबाबत शिकवण्याचे काम करते. डोस बदलण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील, परंतु तुमच्या पाच ओळी इतक्या बोलक्या आहेत की त्या कशा वाचाव्यात हे सांगणे मला आवश्यक वाटते.

सराव नसलेल्या तीन रात्री पाहा. १४६ वरून १३९, १६१ वरून १५०, १४० वरून १४८. म्हणजे झोपल्यापासून तीन वाजेपर्यंत साखर जवळजवळ सपाट आहे. रात्री काही खाल्लेले नसताना आणि जेवणाच्या इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर साखर साधारण ३० अंकांच्या आत स्थिर राहिली, तर दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा डोस त्या तासांपुरता योग्य आहे असे आम्ही मानतो. तुमचे १३ युनिट तीन वाजेपर्यंत आपले काम नीट करत आहेत. वाढ होते ती तीन ते सात या चार तासांत, आणि तिन्ही रात्री ती ७१ ते ८६ अंकांची आहे. याला पहाटेची वाढ म्हणतात. रात्रीच्या उत्तरार्धात वाढीचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल यांचा प्रभाव वाढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते आणि इन्सुलिनचा परिणामही थोडा मंदावतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याच वेळी थोडे जास्त इन्सुलिन सोडून तोल सांभाळते. टाइप वनमध्ये इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असल्याने तो तोल सांभाळला जात नाही. तुमची मुलगी वयात येण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे हा प्रभाव तिच्यात जास्त दिसणे स्वाभाविक आहे. ग्लार्जिन दिवसभर बऱ्याच अंशी एकाच पातळीने काम करते. ते १६ केले तर पहाटेची वाढ थोडी दबेल, पण जो भाग आज सपाट आहे तो खाली जाईल, आणि सरावाच्या रात्री तर तुम्ही आधीच ६६ वर आहात.

आता तुमच्या नातेवाइकांच्या म्हणण्याविषयी. ही कल्पना जुनी आहे. मायकेल सोमोजी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात ती मांडली आणि दीर्घकाळ ती सर्वत्र शिकवली गेली. त्वचेवरील सेन्सरमुळे संपूर्ण रात्रीचा आलेख पाहता येऊ लागल्यापासून मात्र असे दिसले आहे की रात्री साखर घसरलेली असेल तर सकाळ बहुधा कमी किंवा बेताच्या आकड्याने उजाडते. तुमच्याच वहीत ते आहे. गुरुवारी ६६ झाले, तुम्ही मोजून ग्लुकोज दिले आणि सकाळचा आकडा १७१ आला, जो सराव नसलेल्या तिन्ही सकाळींपेक्षा कमी आहे. घसरण साखरेला वर ढकलत असती तर गुरुवारनंतरची सकाळ सर्वांत वाईट असायला हवी होती. मंगळवारच्या २८७ बद्दल सांगलीच्या ताईंनी लिहिले आहे ते मला पटते.

म्हणजे तुमच्या घरी एक नव्हे, दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळ्या रात्री येतात. सरावाच्या दिवशी दीड तास धावपळ झाल्यावर स्नायूंमधील साखरेचा साठा रिकामा होतो आणि तो पुन्हा भरण्यासाठी स्नायू कित्येक तास रक्तातील साखर ओढत राहतात. त्याच वेळी शरीर इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देते. संध्याकाळी सातला संपलेल्या खेळाचा हा परिणाम मध्यरात्रीनंतर जाणवणे अगदी नेहमीचे आहे. त्यावर डॉक्टर सरावाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाचे इन्सुलिन कमी करायला सांगतील, झोपताना इन्सुलिनशिवाय थोडे खाणे देतील किंवा त्या रात्रीपुरते ग्लार्जिन कमी करतील. यांपैकी काय आणि किती, हे त्यांच्याकडून आकड्यांत लिहून घ्या. झोपताना किती साखरेच्या खाली खायला द्यायचे, हाही आकडा मागून घ्या. सरावाची वेळ दुपारकडे सरकवता आली तर तेही विचारा.

पहाटेच्या वाढीवर उपाय निराळे आहेत. नाश्त्याचे इन्सुलिन वाढलेल्या साखरेचा हिशेब धरून आणि खाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे देणे, दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा प्रकार किंवा वेळ बदलणे, आणि परवडत असेल तर सतत इन्सुलिन सोडणारा पंप, ज्यात पहाटेच्या तासांसाठी वेगळी गती लावता येते. पहाटे चारला वाढ दिसली म्हणून घाईने जलद इन्सुलिन देऊ नका. आधीच्या डोसवर नवा डोस चढला की मूल शाळेत घसरते.

तुमचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. झोपेत शरीराचे इशारे क्षीण होतात आणि वारंवार साखर घसरत राहिली तर घाम, थरथर ही लक्षणे आणखी बोथट होतात. म्हणून गुरुवारची ६६ ही नोंद मला मंगळवारच्या ४८ इतकीच महत्त्वाची वाटते. भेटीच्या दिवसापर्यंत थांबू नका. वहीच्या पानाचा फोटो उद्याच डॉक्टरांना पाठवून फोनवर सल्ला घ्या.

आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक हवी. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचे नाही, ना पाणी, ना साखर. कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा. घसरलेली साखर वर आणणारे ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरात ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. २५ किलोपेक्षा जास्त वजनाच्या मुलांना ते १ मिलिग्रॅम देतात. आजोबा-आजींनाही ते देण्याची रीत दाखवून ठेवा.

कऱ्हाडचा पाळीवाला

काकू, मी २४ वर्षांचा आहे, टाइप वनला १३ वर्षे झाली, आणि साखर कारखान्यात पाळीने काम करतो, त्यामुळे माझी रात्र दर आठवड्याला बदलते. वरचे दोन्ही प्रतिसाद फार नेमके आहेत. मला भोगाव्या लागलेल्या तीन गोष्टी तेवढ्या जोडतो.

मी बरीच वर्षे बेंबीच्या उजव्या बाजूलाच टोचत असे, कारण तिथे दुखत नसे. दुखत नव्हते कारण तिथे कातडीखाली लिंबाएवढा मऊ गोळा तयार झाला होता. अशा जागी टोचलेले इन्सुलिन कधी तासन्‌तास अडकून राहते तर कधी एकदम सुटते. माझ्या रात्री कारणाशिवाय वरखाली होत होत्या त्या यामुळे. दर आठवड्याला मुलीचे पोट आणि मांड्या बोटांच्या टोकांनी चाचपून पाहा. गोळा सापडला तर ती जागा काही महिने मोकळी सोडा, पण चांगल्या जागी तोच डोस अधिक परिणाम करतो, म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट बाटली आणि सिरिंजची. माझे पेन बिघडले तेव्हा गावातील एका दुकानातून ग्लार्जिनची १०० युनिटची (म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेली) बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज मिळाली. लाल टोपण ४० युनिटच्या बाटलीसाठी असते आणि १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. मी लाल सिरिंजवर १० च्या रेघेपर्यंत भरले आणि शरीरात २५ युनिट गेले. ती रात्र मी सलाइनखाली काढली. तुम्ही पेन वापरत असाल तरी अडीअडचणीला सिरिंज हातात येतेच, तेव्हा टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवल्याशिवाय भरू नका.

तिसरी गोष्ट, पुढे कधी सेन्सर लावलात तर. दंडावर लावलेला चौदा दिवसांचा सेन्सर मी वापरतो आणि रात्रपाळीनंतरच्या झोपेत त्याचा मोठा आधार वाटतो. पण त्याच दंडावर दाब देऊन झोपलो की तो ५५, ५० असे खोटे कमी आकडे दाखवतो. आई घाबरून साखर पाजायची आणि दोन तासांनी मी ३०० वर असायचो. झोपेत कमी आकडा आला तर आधी कूस बदलायला लावा आणि लगेच बोट टोचून खात्री करा. लक्षणे दिसत असतील तर मात्र खात्रीसाठी थांबू नका.

कोरेगावची आई

सर्वांची मी ऋणी आहे. वहीचा फोटो पाहून डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी फोन केला. ग्लार्जिन १३ वरच ठेवले आहे. सरावाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाचे इन्सुलिन ६ ऐवजी ४ युनिट, आणि झोपताना १५० च्या खाली असेल तर इन्सुलिनशिवाय अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी दही. नाश्त्याचे इन्सुलिन आता खाण्याआधी वीस मिनिटे देते. या आठवड्यात सरावाच्या तीन रात्री तीन वाजता ११२, ९८ आणि १२१ आले. सराव नसलेल्या सकाळी अजून २१० च्या आसपासच आहेत. त्यासाठी इन्सुलिनचा प्रकार बदलायचा का, हे भेटीत ठरेल. कऱ्हाडच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे मांड्या चाचपल्या, डाव्या मांडीवर लहानसा गोळा लागला, तोही डॉक्टरांना कळवला आहे.

एक काळजी उरली आहे. पुढच्या महिन्यात संघाचे सामने सांगलीत आहेत आणि मुलींचा दोन रात्रींचा मुक्काम तिथेच असणार आहे. सोबतच्या मॅडम समजूतदार आहेत, त्यांना मी सर्व शिकवते आहे, ग्लुकोजचे डबे दोन पिशव्यांत वेगवेगळे ठेवणार आहे. पण दिवसभर सामने झाल्यावर रात्री तीनला कोण उठणार, या प्रश्नापाशी मी अडकले आहे. तिला पाठवू नये असे घरात म्हणतात. मला तिला पाठवायचे आहे.

विश्रामबागची आई, सांगली

ताई, जरूर पाठवा, आणि तुम्हीही सोबत या. मुक्काम मुलींच्या जवळ हवा, तर आमचे घर तुमचेच समजा. सामन्यांचे दोन दिवस सरावापेक्षा जड जातील, म्हणून त्या रात्रींचे आकडे डॉक्टरांकडून वेगळे लिहून आणा, आणि रात्री बारा व तीन असे दोनदा तपासायचे धरून चाला. बाराचा गजर तुम्ही लावा, तीनला मी उठेन. नऊ वर्षांत मला त्या वेळी गजराशिवायही जाग येते.